‘पाव’ शब्दाची व्युत्पत्ति : एक परीक्षण

घरोघर खाल्ल्या जाणाऱ्या पावाचें नांव कोठून आलें, याविषयीं दोन मतें वारंवार ऐकूं येतात. पहिलें असें कीं, भट्टीवर पीठ पायांनीं तुडवीत, म्हणून त्या पदार्थास पाव म्हणूं लागले. दुसरें असें कीं, मोठ्या रोटीचा चतुर्थांश तो पाव. ‘पावरोटी’ हा शब्द या मताच्या पुष्ट्यर्थ पुढें करण्यांत येतो. हीं दोन्ही मतें आम्हांस ग्राह्य वाटत नाहींत. यांमुळें जुने कागद वाचणारांची दिशाभूल होण्याचा संभव असल्यानें त्यांचें परीक्षण करणें अवश्य आहे.

हीं मतें परस्परविरुद्ध दिसलीं तरी एकाच घरचीं आहेत. ‘पाय’ आणि चतुर्थांशवाचक ‘पाव’ हे दोन्ही संस्कृत ‘पाद’ शब्दाचेच वंशज होत. परंतु चरण या अर्थीं मराठींत रूढ रूप ‘पाय’ असें आहे. ‘पाँव’ हें हिंदुस्थानी रूप होय. पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या जिनसास तेथील लोकांनीं हिंदुस्थानी शब्दावरून नांव दिलें, असें मानण्यास कांहींच कारण दिसत नाहीं. पीठ तुडविण्याची चाल असेलहि. परंतु चाल असणें आणि तीवरून नांव पडणें, या भिन्न गोष्टी आहेत.

खरें मूळ पोर्तुगीज आहे. त्या भाषेंत या पदार्थास ‘पांव’ असें सानुनासिक नांव असून तें लॅटिन ‘पानिस्’पासून आलें आहे. गोवें १५१० सालीं पोर्तुगीजांच्या हातीं गेलें. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती. इतक्या दीर्घ सहवासांत बटाटा, काजू, पगार, पाद्री हे शब्द जसे आले, तसाच पावहि आला. गोव्यांत पाव भाजणारास ‘पोदेर’ म्हणतात, तोहि पोर्तुगीज ‘पादेइरु’च होय. अंत्य अनुनासिक कसा लोपला, अशी शंका कोणी घेतील, तर ‘लिलाव’ शब्दाकडे पाहावें. पोर्तुगीज ‘लेइलांव’चा जसा लिलाव झाला, तसाच ‘पांव’चा पाव झाला.

याहून निर्णायक पुरावा देशाबाहेर मिळतो. जपानांत पोर्तुगीज १५४३ सालीं पोहोंचले, आणि तेथें पावास ‘पान’ म्हणतात. सिंहली भाषेंतहि त्यास ‘पान्’ असेंच म्हणतात. तेथें अनुनासिकाचा नकार झाला, येथें वकार राहिला, इतकाच भेद. जपानी शब्दाशीं आमच्या पायाचा किंवा पावशेराचा संबंध जोडण्यास जागाच नाहीं. मग एकाच पदार्थाच्या एकाच नांवास तेथें एक मूळ आणि येथें दुसरें, असें कां मानावें? दालगादो यांनीं १९१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या, आशियांतील भाषांवर पोर्तुगीज शब्दसंग्रहाच्या झालेल्या परिणामाविषयींच्या ग्रंथांत हा शब्द पोर्तुगीजच गणिला आहे.

राहिली ‘पावरोटी’. बंगालच्या हुगळी बंदरांत १६३२ पर्यंत पोर्तुगीजांची वसाहत होती; तिकडेहि हा शब्द रूढ आहे. परका शब्द उमजावा म्हणून त्यास ओळखीचा शब्द जोडण्याची रीत जुनीच आहे. ‘कागद’ फारसी, त्यास ‘पत्र’ जोडून आपण ‘कागदपत्र’ केलें. ‘पावरोटी’ त्याच जातीचा समास आहे. तींत चतुर्थांशाचा कांहीं संबंध नाहीं.

आतां संग्राहकांच्या उपयोगाची गोष्ट. मोडींत अनुस्वार बहुधा गाळला जातो. म्हणून ‘पांव’ आणि ‘पाव’ यांचा भेद अक्षरांवरून कळणार नाहीं. जमाखर्चांत चतुर्थांश पुष्कळदां उभ्या रेघेनें दाखवीत. परंतु तो अक्षरीं लिहिलेला आढळल्यास त्याच्या आगेंमागें काय आहे तें पाहावें. शेर, मण किंवा तुपासारख्या दुसऱ्या जिनसाचें नांव लगत असेल, तर तो चतुर्थांशच समजावा. पाव हाच स्वतंत्र जिनस असून त्यास नगांची संख्या व दर लाविला असेल, आणि कागदाचा फिरंग्यांशीं संबंध दिसत असेल, तरच खाण्याचा पाव मानावा. केवळ एका शब्दावरून कोणा सरदाराच्या घरीं पाव खात असत, असें विधान करणें साहसाचें होईल.

उलट पक्षीं, हाच शब्द खरेखोटेपणाची एक कसोटीहि ठरतो. शके १४३२ च्या पूर्वींचा म्हणविणाऱ्या एखाद्या मराठी लेखांत खाण्याच्या अर्थीं ‘पाव’ निःसंशय आढळला, तर तो लेख किंवा निदान त्याची ती प्रत उत्तरकालीन असल्याचा दाट संशय घेतला पाहिजे. ‘पाव’ पायापासून आला असें मानणारास ही कसोटी वापरतांच येणार नाहीं. कारण पाय तर सर्व काळीं होतेच. चुकीच्या व्युत्पत्तीनें होणारें खरें नुकसान तें हेंच.