विटाळ नाकारला, मजुरीचे काय?

‘ताकेतोरी मोनोगातारी’ ही बांबूतोड्याची कथा जपानी गद्यकथांत सर्वांत जुनी मानली जाते. ती इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आसपासची. तिचा कर्ता अज्ञात आहे. बांबू तोडून जगणाऱ्या एका म्हाताऱ्याला बांबूत इवलीशी मुलगी सापडते, पुढे सोनेही सापडते. मुलगी उपवर होते. पाच उमराव तिला मागणी घालतात, ती प्रत्येकाला एकेक अप्राप्य वस्तू आणायला सांगते. शेवटी चंद्रलोकीचे दूत तिला परत नेतात. या कथेवर इसाओ ताकाहाता (१९३५–२०१८) यांनी २०१३ साली स्टुडिओ गिब्लीसाठी राजकन्या कागुयाचा अ‍ॅनिमेशनपट केला.

अशा कथेची आपली प्रस्थापित समीक्षा ‘अद्भुतरम्य’ या एका शब्दात बोळवण करते. पण अद्भुताच्या आड कोण राबतो, हा प्रश्न दलित साहित्याने आपल्या हाती दिला आहे. तो घेऊनच मी मूळ कथा (इंग्रजी अनुवादातून) आणि चित्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

ताकाहातांनी कथेत जी भर घातली ती मोलाची आहे. मूळ कथेत नसलेले खेडे त्यांनी उभे केले. लाकडाची भांडी करणारी, डोंगरातली झाडे सरली की बिऱ्हाड उचलणारी माणसे आणली. त्यांच्यातला सुतेमारू हा मुलगा नायिकेचा सवंगडी केला. सोने हाती येताच म्हातारा राजधानीत वाडा बांधतो, मुलीच्या भुवया उपटवतो, तिला घराण्याच्या रीती शिकवतो. आणि नामकरणाच्या मेजवानीत प्यालेले पाहुणे त्याच्याच दारात त्याच्या गावंढळपणाची टर उडवतात. पैशाने वाडा मिळतो, जन्म विकत मिळत नाही. शिकून पांढरपेशा वस्तीत राहायला गेलेल्या आपल्या पहिल्या पिढीला हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरी भर याहून मोठी आहे. मूळ कथेत चंद्रलोकीचे दूत धरतीला घाणेरडी जागा म्हणतात. इथले अन्न खाल्ल्याने तुला बरे वाटत नसेल, असे सांगून नायिकेला औषध देतात. हा विटाळच आहे. मूळ नायिका दुःखी होते, निरोपाची पत्रे लिहिते. पण त्या शब्दाला हरकत घेत नाही. चित्रपटातली नायिका घेते. ही धरती मलिन नाही, असे ती तोंडावर सांगते. याच शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेने जपानात चामड्याचे नि कत्तलखान्याचे काम करणाऱ्या बुराकू समाजाला पिढ्यान्‌पिढ्या वाळीत टाकले. १८७१ च्या फर्मानाने ते कायद्याने मुक्त झाले, व्यवहारात नाही. म्हणून १९२२ साली क्योटोत त्यांना सुईहेइशा ही स्वतःची संघटना उभारावी लागली. पाचच वर्षांनी महाडचे तळे पेटले. त्या नकाराची जात आपल्याला ओळखीची आहे.

पण इथेच माझी तक्रार सुरू होते. मूळ कथेतला राजपुत्र कुरामोची रत्नांची फांदी शोधायला जात नाही. कारागिरांकडून गुपचूप घडवून घेतो. तो फुशारकी मारीत असतानाच सहा कारागीर अर्ज घेऊन दारात उभे राहतात : हजाराहून अधिक दिवस राबलो, मजुरी मिळाली नाही. नायिका त्यांना भरघोस बक्षीस देते. परतीच्या वाटेवर राजपुत्र त्यांना रक्त निघेपर्यंत बडवतो, मिळालेले हिसकावून फेकून देतो. हजार वर्षांपूर्वीच्या दरबारी लेखकाने हे दोन ओळींत, विनोदाच्या ओघात का होईना, नोंदवून ठेवले.

चित्रपटात कारागीर येतात, थकलेली मजुरी मागतात, राजपुत्र पळ काढतो, प्रेक्षक हसतो. नंतरची मारहाण नाही. मारहाण आहे ती दुसरीकडे : कोंबडी चोरली म्हणून लोक सुतेमारूला तुडवतात आणि नायिका गाडीतून असहाय पाहते. म्हणजे मार खाणारा गरीब तोच. पण कथेत तो हक्क मागितल्याबद्दल मार खातो, चित्रपटात चोरीबद्दल. पहिल्या ठिकाणी मालक गुन्हेगार ठरतो, दुसऱ्या ठिकाणी फक्त कीव येते. ताकाहाता तरुणपणी तोएई स्टुडिओत कामगार संघटनेचे पदाधिकारी होते. त्यांच्याच हातून हे निसटावे, याची मला चुटपुट लागते.

माझ्या घरची माणसे मजुरीसाठी दुसऱ्याच्या दारात ताटकळली आहेत. त्यांना कुणाचे अश्रू नको होते, हिशोब हवा होता. जातिव्यवस्था नुसत्या विटाळावर उभी नाही. ती फुकटच्या श्रमावरही उभी आहे. विटाळ नाकारून मजुरीबद्दल गप्प बसणारी कला अर्धीच लढाई लढते.

तरीही हा चित्रपट विद्यार्थ्यांना जरूर दाखवावा. दाखवल्यानंतर त्या सहा कारागिरांचा उतारा मूळ कथेतून वाचून दाखवावा, आणि त्यांची मजुरी कुणाकडे राहिली, असे वर्गाला विचारावे.