छेदचित्रातील पाणी

बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याची छायाचित्रे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. इतवाऱ्यातल्या माणसाला त्यांचे अप्रूप ते काय? लालबागेकडे गेलो की त्या कुंड्यांत डोकावल्याखेरीज आम्ही परतत नसू. परंतु वरून दिसतो तो कठडा आणि काळोख. अब्दुल रहीम खानखानाच्या काळी, १६१५ साली, इराणी कनातीच्या धर्तीवर झालेले हे काम समजते ते जमीन उभी कापून दाखवणाऱ्या छेदचित्रातच. सातपुड्याच्या उतारात मुरलेले पाणी, ते झेलणारे भुयार, भुयाराला हवा देणाऱ्या आणि माती उपसण्यासाठी खोदलेल्या कुंड्या, आणि कोणत्याही यंत्रावाचून केवळ उताराने शहराकडे येणारा प्रवाह, हे सारे एका दृष्टिक्षेपात उमगते. विल्यम स्मिथने १८१५ साली इंग्लंडचा भूस्तरीय नकाशा काढला, तेव्हा त्यालाही तळाशी असा छेद जोडावासा वाटला.

तथापि आमच्या पाहण्यातील छेदचित्रांविषयी आमची तक्रार आहे. तीन किलोमीटरची रांग पंधरा सेंटिमीटरच्या पानावर बसवली, तर ऐंशी फुटांची कुंडी जेमतेम सव्वा मिलिमीटरची होईल. म्हणून चित्रकार उंची वाढवतो. त्यात गैर काही नाही. पण तसे तो सांगत नाही. मग जाणवूही नये इतका मंद उतार घसरगुंडीसारखा दिसतो, आणि पाणी धो धो वाहत असावे असे वाचकाला वाटते.

याहून मोठा दोष निळ्या रंगाचा. हा रंग फक्त भुयारात भरलेला असतो, जणू डोंगरात कोणी नळच बसवला आहे! वास्तविक पाणी आहे ते खडकाच्या भेगांत. भुयार केवळ त्याला वाट देते. भूजलाची पातळी दाखवणारी एक तुटक रेघ काढली असती, तर ती भुयाराखाली गेल्यास काय होईल हे शाळकरी मुलालाही कळले असते. आसपास खोल कूपनलिका घेणाऱ्यालाही कळले असते. २०२४ साली हे स्थळ युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आले. आता नवी चित्रे निघतील. त्यांत पहिल्या कुंडीच्या पलीकडचा डोंगर तरी असावा. आम्ही पाहिलेल्या एका चित्रात नेमक्या त्या जागी शीर्षकाची चौकट बसवलेली आहे.