विमानाच्या पोटातील गोळा : एका युद्धकवितेच्या मराठीकरणाचा प्रश्न

रणातील मरणासाठी मराठीने फार पूर्वीच एक समृद्ध शब्दसंपत्ती सिद्ध करून ठेविली आहे. बखरींनी आणि पोवाड्यांनी रूढ केलेल्या या शब्दांत 'धारातीर्थी पडणे' हा प्रयोग सर्वांत तेजस्वी होय. तलवारीची धार हेच तीर्थ, आणि त्या तीर्थावर देह ठेवणारा वीर पुण्यवान, ही कल्पना त्याच्या मुळाशी आहे. या कल्पनेला काही गोष्टी गृहीत धराव्या लागतात. शत्रू हाताच्या अंतरावर असला पाहिजे, मरण जाणून पत्करलेले असले पाहिजे, आणि त्या मरणाला साक्षी असले पाहिजेत. दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आकाशात अमेरिकन बाँबफेकी विमानांतून जी माणसे मेली, त्यांच्यावरील साहित्य मराठीत आणू पाहणाऱ्या अनुवादकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच, की हे गृहीत तेथे टिकते काय?

त्या मरणाचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेच्या आठव्या हवाईदलाची जड बाँबफेकी विमाने ऑगस्ट 1942 पासून इंग्लंडमधील तळांवरून उडू लागली. 'बी-17' म्हणजे 'फ्लाइंग फोर्ट्रेस' आणि 'बी-24' म्हणजे 'लिबरेटर' ही त्यांतील प्रमुख. एका विमानात साधारणतः 10 माणसे असत. सुमारे 25,000 फुटांवर, शून्याखाली 40 अंश आणि त्याहूनही अधिक थंडीत, प्राणवायूचा मुखवटा चढवून ती तासन् तास बसत. उघडे बोट धातूला लागले तर कातडी तेथेच चिकटून राही. 14 ऑक्टोबर 1943 रोजी जर्मनीतील श्वाइनफुर्टवर झालेल्या हल्ल्यात 60 विमाने एका दिवसात नष्ट झाली. युद्ध संपेपर्यंत या एकाच दलाची 26,000 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती.

या माणसांतील एकावर रँडल जॅरेल या कवीने 1945 साली 'द डेथ ऑफ द बॉल टरेट गनर' ही अवघ्या पाच ओळींची कविता प्रसिद्ध केली. विमानाच्या पोटाखाली बसविलेला, गरगर फिरणारा, काच आणि धातू यांचा गोल म्हणजे 'बॉल टरेट'. त्यात दोन मशीनगन आणि एक माणूस. माणूस बहुधा ठेंगणा निवडलेला असे, आणि गुडघे वर घेऊन अंग दुमडून बसलेला असे. हवाई छत्री अंगावर बाळगण्याइतकी जागाही त्याला सहसा नसे. जॅरेलच्या कवितेत हा माणूस मेल्यानंतर स्वतःच बोलतो. आईच्या झोपेतून तो राज्यसंस्थेच्या हाती पडला, तिच्या पोटात जनावराच्या पिलासारखा आखडून राहिला, आणि जागा झाला तो मरणासाठीच. शेवटी त्याचे अवशेष नळीने धुऊन काढले जातात. कविता तेथेच थांबते.

येथे 'धारातीर्थ' कामास येत नाही, हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु मराठीचा दुसरा एक प्रयोग मात्र येथे आपण होऊन पुढे येतो. आई आपल्या अपत्याला 'पोटचा गोळा' म्हणते. इंग्रजीत विमानाचे पोट आणि आईचा गर्भाशय यांना दोन निराळे शब्द आहेत, आणि त्यांचे नाते जोडण्यासाठी कवीला खटपट करावी लागली आहे. मराठीत दोन्ही पोटेच. टरेट हा विमानाच्या पोटातील गोळा, त्यातील पोरगा हा कोणाच्या तरी पोटचा गोळा, आणि त्याला फोडणारा तोही तोफेचा गोळाच. मूळ कवितेतील सारे क्रौर्य या एका शब्दात एकवटू शकते. अनुवाद म्हणजे नेहमी काही गमावणेच असते, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण विचारात घ्यावे.

अर्थात् या लाभात धोकाही आहे. 'पोटचा गोळा' म्हणताच मराठी वाचकाचे मन मातृवात्सल्याकडे धावते, आणि जॅरेलने तर वात्सल्य कटाक्षाने टाळले आहे. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. गर्भ आणि व्यूह एकत्र आले की मराठी मनात अभिमन्यू उभा राहतो. ही विमानेही एकमेकांच्या संरक्षणासाठी व्यूह रचूनच उडत. तेव्हा तळटीपेत का होईना, अभिमन्यूचा उल्लेख करण्याचा मोह अनुवादकाला होणे स्वाभाविक आहे. परंतु परंपरेने सांगितलेल्या कथेत अभिमन्यू गर्भातच विद्या ऐकतो, चक्रव्यूहात जाणतेपणी शिरतो, आणि त्याच्या मृत्यूनंतर सुभद्रेचा शोक आणि अर्जुनाची प्रतिज्ञा येते. जॅरेलच्या पोराने गर्भात काही ऐकले नाही. त्याच्यामागून प्रतिज्ञा नाही, शोकही नाही. येते ती नळी. अभिमन्यूची तुलना येथे कवितेला उंच करीत नाही, तिचे सत्य हिरावून घेते.

हे सत्य केवळ करुणेचे नाही. याच कवीच्या 'एट्थ एअर फोर्स' या कवितेत ही माणसे खुनीही आहेत आणि निरागसही. त्यांना दोषी ठरवू न शकणारा कवी स्वतःला येशूचा न्याय करणाऱ्या पिलाताच्या जागी पाहतो. ज्यांच्यावर बाँब पडले त्यांची बाजू या साहित्यात उशिरा आली. ड्रेस्डेनमध्ये युद्धकैदी असलेल्या कुर्ट व्हॉनेगट यांनी फेब्रुवारी 1945 मधील त्या शहराचा संहार जमिनीवरून पाहिला होता. त्यांच्या 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' (1969) या कादंबरीत बाँबहल्ल्याचा चित्रपट उलटा फिरतो. विमाने आगी गिळून टाकतात आणि बाँब पुन्हा आपल्या पोटात घेतात. येथेही पोटच आहे, हे लक्षणीय होय. ज्या पोटात पोरगा आखडून बसला आहे, त्याच पोटातून शहरांचे मरण खाली पडते. 'हुतात्मा' किंवा 'वीर' हा शब्द अनुवादात आला की या दुहेरी सत्याचा अर्धा भाग नाहीसा होतो.

मग शब्द आणावा कोठून? या प्रश्नाचे उत्तर मराठी कवितेतच आहे. बा. सी. मर्ढेकरांनी 'काही कविता' (1947) या संग्रहात यंत्रयुगाचे इंग्रजी शब्द ओवी-अभंगांच्या वळणात बसविले, आणि माणसाच्या अवमूल्यनाला संतांच्या छंदात बोलते केले. त्या वेळी ते अनेकांना रुचले नाही. परंतु टरेटला 'टरेट'च म्हणण्याचे, आणि शेजारी 'पोटचा गोळा' निःसंकोच ठेवण्याचे धैर्य मराठी अनुवादकाला मिळू शकते ते त्या कवितेमुळेच. संस्कृत धातूंपासून घडविलेला एखादा भारदस्त प्रतिशब्द येथे त्या पोराला पुन्हा रथात बसवील.

भाषेने मृताला सन्मान द्यावा, ही अपेक्षा सहज आहे. पण काही मृतांच्या बाबतीत, त्यांच्या मरणाला न शोभणारे अलंकार त्यांच्यावर न चढविणे एवढाच सन्मान भाषेच्या हाती उरतो. जॅरेलच्या पाच ओळी मराठीत आणताना अनुवादकाची खरी कसोटी लागते ती शेवटच्या ओळीशी. तेथे नळी आणि धुणे यांपलीकडे एकही शब्द त्याने आपल्या पदरचा घालू नये.