गंगाधरपंतांना न भेटलेले गंगाधरपंत

रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठच्या रस्त्याला तेथील लोक 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या या काठावर एक दुसरी मुंबई अशा प्रकारे नावापुरती नांदते आहे. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतही अशीच दुसरी मुंबई आहे. फरक एवढाच, की तिचा पाया नावाच्या अनुकरणात नसून इतिहासाच्या एका पर्यायात आहे. समांतर आयुष्याच्या कल्पनेतून मराठी विज्ञानकथेने माणसाच्या जगण्याविषयी काय शोधले, हा प्रश्न या कथेच्या संदर्भात तपासण्याजोगा आहे.

नारळीकर (१९३८–२०२५) मराठी विज्ञानकथेत आले ते १९७४ साली, मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवून. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे नाव घडविले होते. आरशातील प्रतिमेसारखा हा दुसरा लेखक त्यांच्या पुढील लेखनातील एका आशयसूत्राची नकळत दिलेली सूचनाच ठरला.

'गंगाधरपंतांचे पानिपत'मधील प्राध्यापक गायतोंडे हे इतिहासकार आहेत. पानिपतचा निकाल वेगळा लागता तर काय झाले असते, या विचारात असताना त्यांना अपघात होतो आणि ते एका वेगळ्याच वास्तवात येऊन पडतात. येथे ईस्ट इंडिया कंपनी अजून जिवंत आहे. पण ती मुंबईपुरती, आणि तीही भाडेपट्ट्याने. मराठी सत्ता टिकली आहे, दिल्लीचा बादशहा नाममात्र उरला आहे आणि देश लोकशाहीकडे वळला आहे. फाटा कोठे फुटला, याचे उत्तर पंतांना ग्रंथालयात मिळते. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी तेथे त्यांच्या कानाला चाटून गेली आहे.

या कथेचे कौतुक बहुधा तिच्या वैज्ञानिक युक्तिवादासाठी होते. कॅटॅस्ट्रॉफी सिद्धांत आणि पुंजवाद यांची सांगड घालून राजेंद्र देशपांडे अखेरीस जो उलगडा करतात, तो निश्चितच रेखीव आहे. पण कथेचे मर्म या उलगड्यात सापडत नाही. ते दोन लहान प्रसंगांत आहे. मुंबईत उतरल्यावर पंत मुलाच्या कार्यालयात त्याची चौकशी करतात, तेव्हा त्या नावाचा कोणी तेथे नाही असे त्यांना सांगितले जाते. राष्ट्राने पानिपत जिंकले, पण बापाला मुलगा सापडत नाही. इतिहासाच्या जयापजयाचा हिशेब माणसाच्या घरात वेगळा लागतो, हे या प्रसंगाइतक्या थोडक्यात मराठी कथेत क्वचितच सांगितले गेले असेल.

दुसरा प्रसंग ग्रंथालयातला. पंतांना तेथे स्वतःच्याच इतिहासग्रंथाचे पाच खंड मिळतात. चार ओळखीचे आहेत, पाचवा मात्र निराळा इतिहास सांगतो. याचा अर्थ त्या जगातही एक गंगाधरपंत आहेत, ज्यांनी हा पाचवा खंड लिहिला. ते कोठे असतील? विजयी इतिहासाने त्यांना अधिक सुखी केले असेल काय? त्यांच्या घरी मुलगा असेल काय? कथा हे प्रश्न विचारीत नाही. पंत ग्रंथ उघडतात. त्या ग्रंथकाराचे दार ठोठावण्याचा विचार मात्र त्यांच्या मनात येत नाही. आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून ते व्यासपीठावर चढतात आणि श्रोत्यांच्या रोषाला बळी पडून परततात. विनोद उत्तम साधला आहे, परंतु आत्मशोधाची वाट तेथेच बंद होते. ही या कथेची मर्यादा मानावी लागेल.

नेमकी हीच वाट छत्तीसगढच्या भूमीत एका मराठी घरातील कवीने हिंदीत धुंडाळली. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावला अध्यापन करीत होते. 'अँधेरे में' या दीर्घ कवितेतील निवेदक ज्या गूढ पुरुषाच्या मागे धावतो, तो त्याचेच न साकारलेले रूप आहे. येथे विज्ञान नाही, फँटसी आहे. उलगडा नाही, पण शोधाची तगमग आहे. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. एकाच घरातून निघालेली ही दोन भाषिक आयुष्ये समांतर जगाच्या कल्पनेला प्रत्यक्षाचा आधार देतात.

रायपूरचा मराठी वाचक ही कथा वाचतो तेव्हा तिला आणखी एक परिमाण मिळते. नागपूरकर भोसल्यांचे सैन्य १७४१ मध्ये छत्तीसगढात आले, १७५८ पासून बिंबाजी रतनपूरला राहिले आणि १८५४ मध्ये हे राज्य खालसा झाले. येथील मराठी कुटुंबांपैकी अनेकांची मुळे या काळात आहेत. परंतु येथील रयतेच्या दृष्टीने मराठी सत्ता म्हणजे महसूल वसूल करणारे सुभेदारही होते. टिकून राहिलेले मराठी साम्राज्य पुण्याहून जसे दिसते, तसे ते येथून दिसेलच असे नाही. पर्यायी इतिहासात जिंकणारा कोण, हे ठरले तरी कोणासाठी जिंकला, हे शिल्लक राहते.

पंत परततात तेव्हा त्यांच्यापाशी बखरीचे एक फाटके पान असते. कथेच्या व्यवस्थेत तो पुरावा आहे. परंतु साहित्याच्या दृष्टीने ते पान म्हणजे अपूर्ण राहिलेल्या भेटीची खूण होय. यापुढे अध्यक्षपद न स्वीकारण्याचा पंतांचा निश्चय गमतीचा वाटतो. तरीही 'असे झाले असते तर' या प्रश्नाशी आयुष्यभर खेळलेल्या इतिहासकाराने 'असे झाले' यापुढे मान तुकवल्याचा स्वर त्यात आहे. पंत आपल्या जगात परत आले. दुसऱ्या गंगाधरपंतांची भेट मात्र मराठी विज्ञानकथेवर ऋण म्हणून राहिली आहे.