गुन्ह्याचे मूळ आणि ‘उचल्या’ची साक्ष

माणूस गुन्हा का करतो, या प्रश्नाला मानसशास्त्राने दिलेली उत्तरे बहुधा गुन्हेगाराच्या अंतरंगापाशी सुरू होतात आणि तेथेच थांबतात. जॉन बोल्बी यांनी १९४४ साली ४४ बालचोरांच्या अभ्यासातून मातृवियोगाकडे बोट दाखविले. सदसद्विवेक हा बालपणीच्या शिक्षेतून जडलेला प्रतिसाद होय आणि तो ज्यांच्या ठिकाणी नीट जडत नाही ते गुन्ह्याकडे वळतात, असे प्रतिपादन हान्स आयझेंक यांनी १९६४ साली केले. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन या उपपत्तींसमोर ठेवले, म्हणजे त्यांची मर्यादा ध्यानात येते.

‘उचल्या’तील मूल मायेला पारखे झालेले नाही, चोरीची दीक्षा त्याला आप्तांकडूनच मिळते. पोलिसांच्या हाती सापडल्यावर तोंड उघडू नये, म्हणून मार सोसण्याची सवय घरीच लावली जाते. शिक्षा येथे आहे, संस्कारही आहे. मात्र दोहोंची दिशा उलटी आहे. ही मुले संस्कारहीन नव्हेत, तर आज्ञाधारक आहेत. गुन्हा हा सहवासातून शिकला जातो, हे एडविन सदरलँड यांचे मत या वास्तवाच्या अधिक जवळचे होय. परंतु या शाळेत कायदाही एक शिक्षक होता. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले; तो कायदा १९५२ साली रद्द झाल्यावरही संशय ओसरला नाही. ज्याला कोणी काम देत नाही आणि ज्याच्या दारी पोलीस चुकत नाहीत, त्याच्या कृत्याचे कारण केवळ त्याच्या मनात शोधणे अपुरे ठरते.

मनाच्या तळातून सत्य उपसण्याचा एक निराळा मार्ग बंगळूरने पाहिला. तेथील न्यायसहायक प्रयोगशाळा नार्को-चाचण्यांमुळे देशभर गाजली. मेंदूतील विद्युत्-लहरींवरून अपराधाची स्मृती ओळखण्याचे तंत्रही पुढे आले व २००८ साली पुण्याच्या न्यायालयात ते पुरावा म्हणून मान्य झाले. त्याच वर्षी बंगळूरच्याच निम्हान्स या संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञसमितीने त्या तंत्राची शास्त्रीयता अमान्य केली. पुढे ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अशा सक्तीच्या चाचण्या घटनाबाह्य ठरविल्या. या चाचण्यांना कोणी केले एवढेच जाणावयाचे होते. का केले, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत नव्हता. त्याचे उत्तर स्वेच्छेने दिलेल्या साक्षीतूनच मिळू शकते आणि आत्मकथन ही तशी साक्ष आहे.

याचा अर्थ मानसशास्त्र निरुपयोगी ठरते, असा नव्हे. एकाच घरात काहींच्या हाती ब्लेड येते आणि लेखकाच्या हाती पाटी. हा भेद केवळ समाजस्थितीने उलगडत नाही. शाळेचे दार उघडे मिळणे हे निमित्त झाले. त्या दारातून आत जाऊन, अवहेलना सोसून, तेथे टिकून राहणे ही व्यक्तिमनाची गोष्ट आहे. ‘उचल्या’ आपल्याला ती घटना सांगते, परंतु तिचे आंतरिक रहस्य पुरतेपणी उकलत नाही. घटनांच्या गर्दीत निवेदकाच्या मनातील द्वंद्व अनेकदा मागे पडते, ही या कृतीची उणीव होय. मानसशास्त्राने आपला प्रश्न येथूनच विचारावयास हवा: इतक्या प्रतिकूलतेत माणूस गुन्ह्यापासून दूर कसा राहतो?