रंगप्रवेशानंतर

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'च्या पहिल्या अंकांत गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा कलह रंगविलेला आहे. आपली विद्या जो केवळ उपजीविकेसाठीं बाळगतो तो विद्येचा व्यापार करणारा वाणी होय, अशा आशयाचें एक तेजस्वी वचन गणदासाच्या मुखांत आहे, आणि आमच्याकडील व्याख्यानांतून तें पुष्कळदां ऐकूं येतें. त्याच प्रसंगीं विदूषक जें बोलतो त्याची आठवण मात्र सहसा कोणी ठेवीत नाहीं. या दोन एडक्यांची टक्कर एकदां पाहूं या, नाहीं तर यांना फुकट वेतन कां द्यावयाचें, असें तो बेधडक विचारतो. म्हणजे विद्येचा वाणी होण्याचा ज्याला तिटकारा, तो गणदास राजाच्या पदरीं वेतन घेत होताच. कालिदासाला यांत विसंगति दिसली नसावी. पोटाची सोय लागलेली होती, म्हणूनच हा कलावंत पोटाविषयीं इतक्या तुच्छतेनें बोलूं शकत होता.

ही सोय नाहींशी झाली म्हणजे कलेचें काय होतें, हा प्रश्न नृत्याच्या बाबतींत विशेष तीव्र आहे. कवीला वकिली करून कविता लिहितां येते. चित्रकाराला आठवडाभर शाळेंत शिकवून रविवारीं कुंचला हातीं धरतां येतो. नर्तकीचें वाद्य म्हणजे तिचें शरीर. तें रोज घासावें लागतें. आणि तें ऐन बहरांत असतें त्याच वर्षांत आमच्या घरांतून मुलीच्या परीक्षा, नोकरी आणि लग्न यांचा विचार चाललेला असतो. मुलीनें नाच शिकावा ही गोष्ट आतां सुशिक्षित कुटुंबांत भूषणाची झाली आहे. नाच हाच तिनें आपला व्यवसाय करावा, ही अजून झालेली नाहीं. या दोहोंमधील अंतर कसें पडलें हें पाहावयाचें असेल, तर बालसरस्वतींच्या चरित्राइतकें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

बालसरस्वतींचा जन्म मद्रास येथें १३ मे १९१८ रोजीं झाला. त्यांची आजी धनम्मळ ही आपल्या काळांतील थोर वीणावादक. आई जयम्मळ गायिका. आणि घराण्याची परंपरा मागें तंजावरच्या दरबारांतील पापम्मळ या कलावतीपर्यंत पोंचते. आजी आणि आई या दोघींनीं संगीताचा मार्ग धरला होता; मुलीनें नृत्याकडे वळणें म्हणजे लोकनिंदा ओढवून घेणें होतें. तरीहि चार-पांच वर्षांच्या या मुलीला कंदप्पा पिळ्ळै यांच्या स्वाधीन करण्यांत आलें. कंदप्पा हे नट्टुवनार, म्हणजे नृत्य शिकविणारे, ताल धरणारे आणि बोल म्हणणारे वंशपरंपरागत आचार्य. लांकडी ठोकळ्यावर काठीनें ताल द्यावयाचा, गुडघे बाहेर वळवून अर्ध्या बैठकींत मुलीला उभें करावयाचें, आणि अडवु म्हणजे पदन्यासाचा एकेक मूळ घटक तीन लयींत निर्दोष होईपर्यंत पुन्हां पुन्हां करून घ्यावयाचा, अशी ही शिकवणी. कंदप्पा शिस्तीला फार कठोर होते. घरांत अखंड संगीत असल्यामुळें मुलीच्या कानाचें शिक्षण वेगळें करावें लागलें नाहीं. पुढें अभिनय करतांना त्या स्वतः गात, त्याचें मूळ येथें आहे.

१९२५ सालीं, वयाच्या सातव्या वर्षीं, कांचीपुरम येथील देवीच्या मंदिरांत त्यांचा रंगप्रवेश झाला. 'अरंगेट्रम' या तमिळ शब्दाचा अर्थ रंगावर चढणें एवढाच आहे. जुन्या व्यवस्थेंत हा सोहळा म्हणजे व्यवसायाचा उंबरठा होता. त्यानंतर मंदिरांतील उत्सव, श्रीमंतांच्या घरचीं लग्नकार्यें, संगीतसभा यांचीं निमंत्रणें येत. त्यांतून कमाई होई. आणि मुख्य म्हणजे दर खेपेस जाणत्या माणसांपुढें उभें राहावें लागे. त्याच व्यवस्थेंत मुलींना देवाच्या नांवानें वाहून त्यांचें आयुष्य धनिकांच्या मर्जीवर सोडून देण्याचा अन्यायहि होता, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. शिक्षण, उपजीविका आणि अन्याय हीं तिन्ही एकाच दोरांत वळलीं गेलीं होतीं.

मराठी वाचकानें येथें क्षणभर थांबावें. अलारिप्पु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम् आणि तिल्लाना हा जो आजच्या भरतनाट्याच्या प्रयोगाचा क्रम, त्याला आकार देण्याचें श्रेय चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चार बंधूंना दिलें जातें. तंजावरास तेव्हां भोसल्यांचें राज्य होतें. दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर होते आणि हे बंधु त्याच दरबारच्या आश्रयाचे. नृत्यासाठीं केलेल्या मराठी रचनाहि सरफोजींच्या नांवावर आहेत. कंदप्पा पिळ्ळै हे या चार बंधूंच्याच वंशांतले. तेव्हां ज्या कलेला आमचीं कांहीं कुटुंबें अजून परप्रांतीय समजतात, तिच्या पोषणांत मराठी राजाचें द्रव्य आणि मराठी भाषा या दोहोंचा वांटा आहे.

सुधारणेचा हात या दोराला लागला तो १९२७ च्या सुमारास. त्या वेळीं मद्रासच्या कायदेमंडळांत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनीं देवदासींच्या प्रथेविरुद्ध आवाज उठविला; मुंबई प्रांतांत १९३४ सालीं आणि मद्रास प्रांतांत १९४७ सालीं कायदे झाले. हे कायदे व्हावयास हवेच होते. परंतु कायद्यानें अन्याय थांबवितां येतो. त्या अन्यायाशीं गुंतलेल्या विद्येची आणि भाकरीची दुसरी व्यवस्था लावून देणें हें कायद्याचें काम नव्हे, आणि तें दुसऱ्या कोणीं वेळेवर केलें नाहीं. नाच आणि अनाचार हे शब्द लोकांच्या तोंडीं एक होऊन बसले. १९३४ सालीं कलकत्त्यास जाऊन बालसरस्वतींनीं उत्तरेच्या रसिकांना चकित केलें, उदयशंकरांसारख्यांनीं त्यांची थोरवी ओळखली. तेव्हां त्यांचें वय अवघें सोळा वर्षांचें होतें. इतक्या यशानंतर मार्ग मोकळा व्हावयास हवा होता. घडलें उलटें. पुढील दशकाच्या आरंभीं कंदप्पा वारले, बालसरस्वतींची प्रकृति ढांसळली, निमंत्रणें आटलीं. कला लोकप्रिय होत चालली होती आणि तिची सर्वश्रेष्ठ उपासक घरीं बसून होती.

याच सुमारास दुसरी एक वाट उघडत होती. रुक्मिणीदेवी अरुंडेल या १९०४ सालीं ब्राह्मण कुटुंबांत जन्मल्या. आन्ना पाव्हलोव्हा या रशियन नर्तकीच्या परिचयानें त्यांना नृत्याची ओढ लागली, आणि पंदनल्लूरच्या मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांच्यापाशीं शिकून त्यांनीं १९३५ सालीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, अड्यार येथें पहिला जाहीर प्रयोग केला. पुढच्याच वर्षीं त्यांनीं कलाक्षेत्र ही संस्था काढली. सातव्या वर्षीं रंगप्रवेश करणारी एक आणि एकतिसाव्या वर्षीं करणारी दुसरी, या दोघींच्या तुलनेंत पुष्कळांना केवळ जातींचा झगडा दिसतो. तो त्यांत आहे; परंतु तेवढाच नाहीं.

वादाचा विषय शृंगार हा होता. जुन्या पदांतील उघड शृंगार रुक्मिणीदेवींना सभ्य रंगभूमीस अनुचित वाटला व त्यांनीं तो वगळला. बालसरस्वतींचें म्हणणें असें कीं, शृंगार हाच या नृत्याचा प्राण; त्यांत शुद्ध करावें असें कांहीं नाहीं, अशुद्ध असेल तर पाहणाराची दृष्टि. १९७५ सालच्या एका भाषणांत त्यांनीं नृत्यप्रयोगाची तुलना देवालयाशीं केली. अलारिप्पु हें गोपुर. तेथून मंडपामंडपांतून आंत जावयाचें, वर्णमाच्या विशाल प्रांगणांत पोंचावयाचें, आणि पदम् आलें म्हणजे वाद्यांचा गजर मंदावून गाभाऱ्याची शांतता यावयाची. हें रूपक केवळ सुंदर नाहीं, तें शास्त्रीय आहे. ज्या पदांना आक्षेपक बाहेर काढूं पाहत होते, तींच या रचनेंत गर्भगृहाच्या स्थानीं आहेत. तीं काढलीं तर उरतें तें देवाविणें देऊळ. सत्यजित राय यांनीं १९७६ सालीं केलेल्या 'बाला' या लघुपटांत समुद्रतीरावर त्या 'कृष्णा नी बेगने बारो' या पदाचा अभिनय करतात तो पाहावा. ऐन तारुण्य मागें पडलें आहे, तरी एका हांकेचे किती अर्थ होऊं शकतात याची गणती प्रेक्षकाला करतां येत नाहीं.

कलेच्या प्रश्नांत आम्हांस बालसरस्वतींचा पक्ष निःसंशय खरा वाटतो. व्यवस्थेच्या प्रश्नांत मात्र रुक्मिणीदेवींचें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. कुळाच्या बाहेरील मुलीला शिकतां येईल अशी शाळा, ठरलेला अभ्यासक्रम, जुन्या आचार्यांना सन्मानाची नोकरी, आणि शिष्यांना पुढें शिक्षक म्हणून उभें राहण्याची सोय, हें सारें संस्थेनें साधतें. खुद्द बालसरस्वतींचें दुसरें पर्वहि संस्थेच्याच आधारानें सुरू झालें. मद्रासच्या म्यूझिक अकॅडमीच्या आश्रयानें त्यांना शिकविण्यास जागा मिळाली. १९५५ सालीं संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६१ सालीं टोकियो, १९६२ सालीं अमेरिका, असा जगाचा रस्ता खुला झाला. १९७३ सालीं त्यांना 'संगीत कलानिधि' ही पदवी मिळाली. ९ फेब्रुवारी १९८४ रोजीं त्या निवर्तल्या. मधलीं जीं वर्षें वायां गेलीं तीं मात्र कोणत्याहि पदवीनें भरून येणारीं नव्हतीं.

आमच्या इकडे या प्रश्नाचें उत्तर एका पुणेकर बाईंनीं कृतीनें दिलें. रोहिणी भाटे यांच्या घरीं नृत्याचा वारसा नव्हता. मध्यमवर्गीय कुटुंबांतील ही पदवीधर मुलगी कथ्थकाकडे वळली आणि १९४७ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आंत, तिनें पुण्यांत 'नृत्यभारती' काढली. विशेष हें कीं, संस्था काढली म्हणून आपलें शिक्षण पुरें झालें असें त्यांनीं मानलें नाहीं. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्यापाशीं त्या पुढें कित्येक वर्षें शिकत राहिल्या. २००८ सालीं त्या वारल्या तोंपर्यंत त्यांच्या शिष्यांच्या पिढ्या उभ्या राहिल्या होत्या. शिकणें, नाचणें आणि शिकविणें हीं तिन्ही एकाच आयुष्यांत एकमेकांना पोसूं शकतात, हा त्यांच्या चरित्राचा बोध आहे. उत्तम अंगीं असणें आणि तें दुसऱ्याला देतां येणें हे दोन्ही गुण ज्याच्या ठायीं तोच आचार्यांत श्रेष्ठ, असा निवाडा 'मालविकाग्निमित्रां'तील परिव्राजिकेनेंहि दिला होता.

आज शहरोशहरीं रंगप्रवेशाचे सोहळे होतात. भाड्याचें नाट्यगृह, रेशमी पोशाख, छापील पत्रिका, गुरुदक्षिणा आणि आप्तेष्टांचें भोजन असा थाट असतो, आणि बाप हौसेनें कर्ज काढतो. त्या हौसेची चेष्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्या रात्रीनंतर ती मुलगी पुन्हां केव्हां नाचणार, कोणापुढें नाचणार, आणि तिला त्याचें कोण काय देणार, हे तीन प्रश्न तेथें जमलेल्या पाहुण्यांपैकीं किती जण विचारतात? सभा चालविणारे तरुण नर्तकीला मानधन देण्याऐवजीं संधि दिल्याचे उपकार सांगतात, आणि आम्ही प्रेक्षक प्रवेशपत्रिका फुकट मिळाल्यास येतों. आरंभाचें नांव असलेला हा विधि अशा रीतीनें निरोपाचा समारंभ होऊन बसतो. एका रात्रीसाठीं जेवढें द्रव्य खर्च होतें, तेवढ्यांत मुलीला एखाद्या थोर गुरूपाशीं आणखी शिकतां येईल, लहान लहान सभांतून साथीदारांसह दहा वेळां उभें राहतां येईल, याचा विचार पालकांनीं अवश्य करावा.

जुन्या व्यवस्थेनें नर्तकीला भाकर दिली आणि प्रतिष्ठा हिरावून घेतली. आम्ही तिला प्रतिष्ठा दिली आणि भाकरीचा विषय काढणें असभ्य ठरविलें. गणदासाचें वचन आम्ही पाठ केलें. विदूषकानें उल्लेखिलेलें वेतन मात्र द्यावयाचें राहून गेलें. तें देण्याची तयारी असेल तरच मुलीच्या पायांत चाळ बांधतांना आम्ही तिला कला देत आहों असें म्हणावें. एरवीं तो एक अलंकार आहे, आणि अलंकार पेटींत जाऊन पडतात.