शिलावर्तुळे आणि संज्ञांचा भार

दख्खनच्या पठारावरील व विदर्भातील प्राचीन दफनस्थळांविषयी गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत विपुल लेखन झाले. त्यातील पुराव्याची छाननी पुरातत्त्वज्ञांनी वेळोवेळी केली. भाषेची छाननी मात्र त्या मानाने उपेक्षितच राहिली. ती होणे अगत्याचे आहे. शिलावर्तुळ एकदा खोदले की ते पूर्ववत् होत नाही. दगड हलतात, भराव निघतो, अस्थी व भांडी अन्यत्र जातात, आणि मागे उरतो तो केवळ वृत्तांत. त्या वृत्तांतातील शब्दांनीच निष्कर्ष आधी गृहीत धरला असेल, तर पुढील अभ्यासकाला तो तपासण्याचे साधन उरत नाही.

या दृष्टीने फिलिप मेडोज टेलर यांचे उदाहरण उद्बोधक आहे. निजामाच्या सेवेत असताना त्यांनी सुरापूर परिसरातील, म्हणजे आजच्या कर्नाटकातील, अनेक दफनस्थळे तपासली. त्यांचा निबंध १८६२ साली रॉयल आयरिश अकादमीच्या वृत्तांतात आला. ‘केर्न’, ‘क्रॉमलेक’ व ‘किस्टव्हेन’ यांचे वर्णन करताना या वास्तूंना शीर्षकातच ‘केल्टिक, ड्रुइडी अथवा सिथियन’ म्हटले आहे. या संज्ञांची व्युत्पत्ती पाहावी. ‘केर्न’ हा गेलिक शब्द. ‘क्रॉमलेक’ म्हणजे वेल्श भाषेत वाकलेली सपाट शिला. ‘किस्टव्हेन’ म्हणजे दगडी पेटी, आणि तोही शब्द मूळचा वेल्शच. वस्तू दख्खनची, नावे केल्टिक भाषांतली. नावांच्या मागोमाग ती भाषा बोलणारे लोकही येथे अवतरले, यात नवल नाही.

येथे भाषाशास्त्राचा एक साधा नियम उपयोगी पडतो. दोन भाषांतील चार शब्द सारखे भासले, एवढ्यावरून त्या भाषा एकाच कुळातील ठरत नाहीत. त्यासाठी ध्वनींची नियमित अनुरूपता दाखवावी लागते. चार शिळा उभ्या करून वर पाचवी ठेवण्याची कल्पना दोन दूरच्या समाजांना स्वतंत्रपणे सुचू शकते. शिवाय येथे तर नावांचे साम्य निरीक्षकाने स्वतःच निर्माण केलेले होते. जे साम्य आपणच दिले, तेच पुन्हा पुरावा म्हणून घेणे हा तर्कदोष होय.

तथापि टेलर यांचे श्रेय एवढ्याने संपत नाही. त्यांनी खोदलेल्या थडग्यांचे छेद काळजीपूर्वक रेखाटून ठेवले. मॉर्टिमर व्हीलर यांनी ‘आर्किऑलॉजी फ्रॉम दि अर्थ’ (१९५४) या ग्रंथात त्यांच्या या कामाची प्रशंसा केली आहे. शीर्षकातील ड्रुइड कालबाह्य झाले. छेदचित्रे मात्र आजही वाचता येतात. नागपूरनजीकच्या जुनापाणी येथील वर्तुळांविषयी रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखाचीही गत अशीच आहे. दगडांवरील वाटीसारख्या खळग्यांची त्यांची नोंद मोलाची ठरली; ब्रिटनमधील तशाच खुणांशी जोडलेले वांशिक नाते टिकले नाही.

संज्ञांचा हा गोंधळ दूर करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न व्ही. डी. कृष्णस्वामी यांनी १९४९ मध्ये ‘एन्शंट इंडिया’मधील लेखात केला. त्यांनी वास्तूंचे वर्गीकरण आकारावरून केले, हा निश्चितच लाभ होय. परंतु ‘मेगॅलिथ’ ही व्यापक संज्ञा कायम राहिली, आणि मराठीत तिचे ‘महापाषाण’ झाले. विदर्भातील बहुतेक वर्तुळे ओबडधोबड धोंड्यांची आहेत. त्यांतील प्रत्येक दगड ‘महा’ असतोच असे नाही. याहून गंभीर अडचण ‘महापाषाणयुग’ या शब्दात आहे. तो ऐकताच विद्यार्थ्याच्या मनात पाषाणयुग उभे राहते. प्रत्यक्षात या वर्तुळांत लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या व खंजीर सापडतात, आणि त्यांचा काळ सामान्यतः इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातील आहे. बाहेरच्या दगडाने आतील लोखंड झाकले गेले, ते केवळ नावामुळे.

नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा (१९६८-६९) व माहुरझरी (१९७०-७२) येथे केलेल्या उत्खननांचे वृत्तांत या पार्श्वभूमीवर वाचावेत. भराव व त्यातील वस्तू यांचे वर्तुळागणिक वर्णन हे त्यांचे बलस्थान होय. माहुरझरीच्या घोड्याच्या अवशेषांसोबत तांब्याची शिरोभूषणे व लोखंडी लगाम मिळाले, हे त्यामुळेच निःसंदिग्धपणे सांगता येते. परंतु ‘दफन’ ही संज्ञा या क्षेत्रात सरसकट वापरली जाते, तेथे शंका उरते. ज्या वर्तुळात मानवी अस्थी अत्यल्प असतात किंवा नसतातच, त्यालाही दफन म्हटले की अस्थींचा अभाव हा प्रश्नच राहत नाही.

असाच प्रकार ‘भटके पशुपालक’ या शब्दप्रयोगाचा. लॉरेन्स लेश्निक यांनी १९७४ च्या ग्रंथात ‘पांडुकल’ हे देशी नाव स्वीकारले, तरी त्यामागील समाज भटक्या पशुपालकांचाच मानला. पुढे नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. नैकुंड व भागीमोहारी येथे वस्तीचे थर व धान्याचे अवशेषही आढळले. त्या चित्राला मोठी मुरड घालावी लागली. देशी शब्द घेतल्याने गृहीतक टळत नाही, हे यावरून दिसते. केरळात छत्रीच्या आकाराच्या शिळेला ‘कुडक्कल्लु’ म्हणतात. कर्नाटकात हिरेबेणकलच्या दगडी घरांना ‘मोर्यांची घरे’ म्हणतात. पहिले नाव आकार सांगते, दुसरे कर्ता सांगते. दोन्ही नोंदवावीत; परंतु दोहोंचे प्रामाण्य सारखे नव्हे.

वृत्तांतलेखनासाठी यातून एक शिस्त निष्पन्न होते. प्रथम आकारवाचक शब्द यावा, नंतर आशयाची नोंद, आणि प्रयोजनवाचक शब्द सर्वांत शेवटी, कारणांसह. ‘शिलावर्तुळ’ हा शब्द या कसोटीला उतरतो. ‘दफन’ हे सिद्ध करावे लागते. शेती, दगडखाणी व वाढती नगरे यांमुळे कित्येक वर्तुळे नोंद होण्यापूर्वीच नष्ट होत आहेत. उरलेल्यांपैकी जी खोदली जातील ती शब्दांतच शिल्लक राहणार आहेत. म्हणून ते शब्द पुराव्यापुढे धावणारे नसावेत.